घरचं फ्रेमवर्क की तयार? जँगो (पायथन), लॅराव्हेल (पीएचपी) आणि रेल्स (रुबी) यांचं परीक्षण

पत्त्यानुसार कोड निवडणारा राउटर, पानाचा साचा म्हणजे टेम्पलेट आणि डेटाबेसवरचं पातळसं आवरण एवढं लिहून झालं की बऱ्याच टीमना वाटतं, आपलं फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाइट उभारायचा सांगाडा, तयार झालं. पीएचपीत हे काम आठवड्याभराचं आहे. सगळ्या रिक्वेस्ट एका इंडेक्स फाइलकडे वळवायच्या, रेग्युलर एक्स्प्रेशनच्या यादीतून कंट्रोलर शोधायचा, डेटाबेसशी बोलणाऱ्या पीडीओभोवती एक क्लास गुंडाळायचा आणि आउटपुट बफर उघडून टेम्पलेट इन्क्लूड करायचं. पाचसहाशे ओळींत पहिलं पान दिसतं. वेगही झकास असतो, कारण मधे काहीच नसतं. मग जँगोचा पसारा बघितला की प्रश्न पडतो, एवढं ओझं वागवायचं कशाला?

तुलना इथेच फसते. त्या पाचसहाशे ओळी जँगोच्या फक्त राउटर आणि टेम्पलेटशेजारी ठेवायला हव्यात, आणि तिथे घरचं फ्रेमवर्क फार मागे नसतंच. फरक पडतो तो लॉगिन, सेशन (आलेला माणूस कोण ते लक्षात ठेवणारी नोंद), मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतले बदल), क्यू (मागे चालणाऱ्या कामांची रांग) आणि आवृत्तीबदल या ठिकाणी. म्हणून या परीक्षणात राउटिंग किती गोड आहे, टेम्पलेटची भाषा किती वाचनीय आहे, यावर शब्द घालवलेले नाहीत. त्यात निवड थोडी चुकली तरी कुणाचं फारसं बिघडत नाही.

मत आधीच सांगून टाकलेलं बरं: नव्या प्रॉडक्टसाठी कोऱ्या फाइलपासून फ्रेमवर्क लिहायला बसू नये. तयार घ्यावं, आणि घरचं जे काही करायचं ते त्याच्यावरचा पातळ थर म्हणून करावं. तो थर कसा असावा आणि कुठे फसतो, हे पुढे येतंच.

लॉगिन आणि सेशन

पासवर्ड हॅश करून, म्हणजे उलट फिरवता न येणाऱ्या रूपात, ठेवणं ही नुसती सुरुवात. लॉगिन यशस्वी होताच सेशन आयडी बदलावा लागतो, नाहीतर हल्लेखोराने आधीच गळ्यात मारलेला आयडी लॉगिननंतर वैध होऊन बसतो. टोकनची तुलना साध्या बरोबरच्या चिन्हाने न करता, दोन्ही बाजू कुठेही वेगळ्या असल्या तरी तेवढाच वेळ घेणाऱ्या फंक्शनने करावी लागते, पीएचपीत ५.६ पासून हॅश इक्वल्स त्यासाठीच आहे. पासवर्ड विसरल्याची लिंक एकदाच चालली पाहिजे, थोड्या वेळात मेली पाहिजे, आणि तिचं टोकन डेटाबेसमध्ये उघडं पडून राहता कामा नये. ‘हा ईमेल आमच्याकडे नोंदलेला नाही’ असं प्रामाणिक उत्तर देणारं पान म्हणजे कुणाकुणाचं खातं आहे ते तपासून देणारी फुकटची सेवा. आणि बीक्रिप्ट ही हॅशची पद्धत पासवर्डचे पहिले ७२ बाइटच बघते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्राही वेगळे मोजले जातात. म्हणजे देवनागरी पासफ्रेज कितीही लांब असली तरी पहिल्या साधारण २४ चिन्हांपुढे काय लिहिलंय याला काही किंमत नाही.

हे सगळं एकदा लिहिता येतं. अडचण नंतरची आहे. जँगोने पीबीकेडीएफ२ या हॅशच्या पद्धतीच्या फेऱ्या ४.२ मध्ये ६ लाख ठेवल्या होत्या, ५.० मध्ये त्या ७ लाख २० हजार झाल्या आणि ५.२ मध्ये १० लाख. वापरकर्ता पुढच्या वेळी लॉगिन करतो तेव्हा त्याचा जुना हॅश नव्या फेऱ्यांनी आपोआप पुन्हा लिहिला जातो. घरच्या फ्रेमवर्कमध्ये हा आकडा ज्या वर्षी लिहिला त्याच वर्षाचा राहतो, कारण तो वाढवणं हे कुणाच्याच कामाच्या यादीत नसतं.

बाहेरचं जग बदललं की काय होतं, याचा चांगला नमुना म्हणजे सेमसाइट, दुसऱ्या साइटवरून आलेल्या रिक्वेस्टसोबत कुकी जावी की नाही हे ठरवणारी कुकीवरची खूण. फेब्रुवारी २०२० मध्ये क्रोम ८० आलं आणि ज्या कुकीवर सेमसाइट लिहिलेलं नाही ती लॅक्स समजली जाऊ लागली. पेमेंट गेटवे ग्राहकाला आपल्या साइटवर पोस्ट रिक्वेस्टने परत पाठवत असेल, तर त्या रिक्वेस्टसोबत अशी कुकी येत नाही. घरच्या फ्रेमवर्कचा सेशन क्लास कुकी दिसली नाही की निमूट नवं सेशन उघडतो आणि नवी कुकी पाठवतो. जुनी पुसली जाते. पैसे गेले, ऑर्डर दिसत नाही, वर ग्राहक लॉगआउट. यातली गंमत अशी की क्रोमने सवलत म्हणून दोन मिनिटांच्या आत बनलेली कुकी पोस्टसोबत जाऊ देण्याची सोय ठेवली होती. त्यामुळे टेस्टर लॉगिन करून झटपट पैसे भरायचा तेव्हा सगळं सुरळीत चालायचं, आणि निवांत खरेदी करणारा खरा ग्राहक मात्र अडकायचा. उपाय सोपा आहे: परतीच्या पत्त्यावर सेशन सुरूच करायचं नाही. गेटवेची सही आणि ऑर्डर क्रमांक तपासून निकाल नोंदवायचा, मग साध्या गेट रिक्वेस्टने ग्राहकाला ऑर्डरच्या पानावर वळवायचं. तयार फ्रेमवर्क वापरणाऱ्यांनाही परतीचा पत्ता असाच लिहावा लागतो, हे खरं. पण जँगोत सेशनची कुकी २.१ पासूनच लॅक्स होती. टेस्टरला आणि ग्राहकाला एकच वागणूक मिळायची, म्हणून दोष चाचणीतच सापडायचा.

मायग्रेशन आणि सॉर्टिंग

घरच्या फ्रेमवर्कमधलं मायग्रेशन म्हणजे बहुधा क्रमांक टाकलेल्या एसक्यूएल फाइलींचा फोल्डर आणि शेवटचा क्रमांक लक्षात ठेवणारा एक टेबल. एकटा माणूस काम करत असेल तर उत्तम. कोडच्या दोन वेगळ्या ब्रँचवर दोघांनी ४२ क्रमांकाची फाइल बनवली की एकाची फाइल कधीच चालत नाही, आणि ते प्रॉडक्शनवर कॉलम सापडेनासा झाल्यावर कळतं. रेल्स आणि लॅराव्हेल फाइलच्या नावात वेळ घालतात आणि कोणकोणत्या फाइली चालल्या याची यादी ठेवतात. जँगो प्रत्येक मायग्रेशनला त्याचा पूर्वज सांगायला लावतं. एकाच पूर्वजाची दोन पोरं दिसली की थांबतं आणि मर्ज मायग्रेशन बनवायला सांगतं. मायग्रेशनच्या बाबतीत जँगोची पद्धत आम्हाला सगळ्यांत पक्की वाटते, मॉडेल बदललं की फाइल आपोआप लिहून देते म्हणून तर अधिकच.

मात्र डेटाबेसचा स्वभाव कुठलंही फ्रेमवर्क झाकू शकत नाही. मायएसक्यूएलमध्ये टेबलची रचना बदलणारं प्रत्येक विधान आपसूक कमिट होतं. तीन बदलांच्या मायग्रेशनमधला तिसरा फसला तर पहिले दोन झालेले राहतात, आणि पुन्हा चालवलं की ‘टेबल आधीच आहे’. म्हणून तिथे एका फाइलमध्ये एकच रचनाबदल ठेवावा. पोस्टग्रेसमध्ये हे संकट नाही, पण टेबल न अडवता इंडेक्स बांधायचा असेल तर ते ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही. जँगोत त्या मायग्रेशनचं अटॉमिक बंद करावं लागतं.

आता घरच्या क्वेरी बिल्डरमधलं हमखास खिंडार. व्हॅल्यू बाइंड करून, म्हणजे क्वेरीपासून वेगळ्या पाठवल्या की एसक्यूएल इंजेक्शन (इनपुटमधून क्वेरीत कोड घुसवणं) टळलं, असं समजून सगळे निर्धास्त असतात. पण ऑर्डर बायमध्ये कॉलमचं नाव लागतं आणि नाव बाइंड करता येत नाही. मग यूआरएलमधून आलेला सॉर्टचा शब्द सरळ क्वेरीत चिकटवला जातो. तिथे दुसरा इलाज नाही: परवानगी असलेल्या कॉलमांची यादी ठेवायची, आलेला शब्द त्यात नसेल तर ठरलेला कॉलम वापरायचा, दिशा फक्त चढती किंवा उतरती एवढीच मानायची. तयार फ्रेमवर्क इथे चुकत नाहीत असं नाही. जँगोच्याच ऑर्डर बायमध्ये अशी फट सापडली आणि जुलै २०२१ मध्ये ३.१.१३ आणि ३.२.५ या आवृत्त्यांतून ती बुजवली गेली. फरक एवढाच की कुणीतरी शोधली, दुरुस्ती तयार झाली, आणि वापरणाऱ्यांनी आवृत्तीचा एक आकडा बदलला. तुमच्या ऑर्डर बायमध्ये कोण डोकावतंय? स्वयंचलित स्कॅनर, आणि ते कुणाला कळवत नाहीत.

भाषा पुढे सरकते ते वेगळंच. पीएचपी ७ ने जुनी मायएसक्यूएल फंक्शनं काढून टाकली, तेव्हा घरची बरीच फ्रेमवर्कं जुन्या सर्व्हरवर अडकून पडली. डिसेंबर २०२२ च्या ८.२ मध्ये जाहीर न केलेल्या प्रॉपर्टीत व्हॅल्यू ठेवली की इशारा येऊ लागला. प्रत्येक कॉलम थेट ऑब्जेक्टची प्रॉपर्टी म्हणून ठेवणारे घरचे मॉडेल क्लास असतात, त्यांचे लॉग एका दिवसात तुंबतात. लॅराव्हेलच्या इलोक्वंट या मॉडेलच्या थराला याची झळ लागली नाही, कारण ते कॉलम आतल्या एका ॲरेत ठेवतं. घरच्या क्लासचीही दुरुस्ती तशीच करावी. क्लासवर परवानगीची खूण चिकटवून इशारा दाबणं ही तात्पुरती मलमपट्टी.

तयार तिघे

जँगोची खरी कमाई म्हणजे ॲडमिन. मॉडेल लिहिलं, दोन ओळींत नोंदवलं, की कार्यालयातल्या लोकांना नोंदी भरायला, शोधायला, दुरुस्त करायला पान तयार. घरच्या फ्रेमवर्कमध्ये पहिले काही महिने याच पानांवर जातात. पण डेटा वाढला की ॲडमिन ठरलेल्या जागी दमतं. फॉरिन कीचा (दुसऱ्या टेबलमधल्या नोंदीकडे बोट दाखवणाऱ्या कॉलमचा) ड्रॉपडाउन समोरच्या टेबलमधल्या सगळ्या नोंदी आणतो. ग्राहक लाखभर असतील तर फॉर्म उघडताना ब्राउझरच झोपतो. तिथे ऑटोकंप्लीट फील्ड्स किंवा रॉ आयडी फील्ड्स लावायचं. यादीचं पान दर वेळी दोन काउंट क्वेरी चालवतं, एक गाळलेल्या नोंदींची आणि एक एकूण नोंदींची. एकूणची क्वेरी शो फुल रिझल्ट काउंट बंद करून टळते, उरलेलीसाठी पेजिनेटर बदलावा लागतो. आणखी एक: युजर मॉडेल स्वतःचं करायचं असेल तर पहिलं मायग्रेशन चालवण्याआधी करा. नंतर बदलायला गेलात तर फॉरिन की उसवत बसावं लागतं. सध्या काही खास बदल नको असला तरी रिकामा युजर क्लास लिहून ठेवावा. ग्राहकांसाठीचं दर्शनी पान म्हणून मात्र ॲडमिन वापरू नका. त्याच्या टेम्पलेटशी झटापट करण्यात जो वेळ जातो त्यात साधी पानं दोनदा लिहून होतात.

लॅराव्हेल हे सगळ्यात भरलेलं ताट आहे: क्यू, मेल, शेड्यूल, फाइल साठवण, सगळं एका हाताने लिहिल्यासारखं. पीएचपी येणारी टीम असेल तर दुसरीकडे बघायची गरज नाही. खाचखळगे ठाऊक हवेत. कॉन्फिग कॅश केलं की कॉन्फिग फाइलींबाहेर लिहिलेलं एन्व्ह फंक्शन एन्व्ह फाइल वाचतच नाही आणि नल मिळतो. स्वतःच्या मशीनवर चालतं, सर्व्हरवर नाही, अशा तक्रारींत हे पहिल्यांदा तपासा. क्यूचा वर्कर कोड मेमरीत धरून बसतो, म्हणून प्रत्येक डिप्लॉयनंतर क्यू रीस्टार्ट हवाच. आणि रीट्राय आफ्टर मूळ ९० सेकंद असतं, वर्करचा टाइमआउट ६०. मोठ्या रिपोर्टसाठी कुणी टाइमआउट ३०० करतं, रीट्राय आफ्टर तसंच राहतं. ९० सेकंद उलटले की दुसरा वर्कर तेच काम उचलतो आणि ग्राहकाला दोन ईमेल जातात. रीट्राय आफ्टर नेहमी टाइमआउटपेक्षा मोठं ठेवायचं. आवृत्ती साधारण दर वर्षी येते, सुरक्षा दुरुस्त्या दोन वर्षं मिळतात. दर वर्षी एक आठवडा अपग्रेडला देणार नसाल तर हे गणित जमणार नाही. त्या मानाने जँगोची दीर्घ आधाराची आवृत्ती तीन वर्षं चालते, ५.२ ला एप्रिल २०२८ पर्यंत दुरुस्त्या मिळतील.

रेल्सवर दोन ओळींत बोलणं अन्याय होईल, पण रुबी येणारी माणसं मिळत असतील तरच तो विषय. नोव्हेंबर २०२४ च्या रेल्स ८ पासून क्यू आणि कॅश डेटाबेसवरच चालतात, त्यामुळे छोट्या प्रॉडक्टला रेडिस हा वेगळा डेटा सर्व्हर लागत नाही; ही मोठी सोय आहे. लॉगिनचा जनरेटरही आला, फक्त नवं खातं उघडण्याचं पान तो देत नाही. रेल्सवरची आमची तक्रार जावास्क्रिप्टच्या बाजूची आहे, तिथली साधनं सारखी बदलतात: स्प्रॉकेट्स, मग वेबपॅकर, मग इम्पोर्टमॅप, आता त्याच्या जोडीला प्रॉपशाफ्ट. जुन्या ॲपचं अपग्रेड अडतं ते बहुतेक वेळा इथेच.

फ्लास्क किंवा एक्स्प्रेससारखं छोटं फ्रेमवर्क घेऊन ‘आम्ही फ्रेमवर्क लिहीत नाही’ म्हणणाऱ्यांनी आपली डिपेन्डन्सीची, म्हणजे बाहेरून घेतलेल्या पॅकेजांची, यादी बघावी. लॉगिनला एक, फॉर्मला एक, मायग्रेशनला एक, ॲडमिनला एक. प्रत्येकाचा मालक वेगळा, आवृत्तीचा वेग वेगळा. हे हप्त्याने घेतलेलं घरचं फ्रेमवर्कच आहे. चारपाच एपीआयच्या सेवेला ते छान, पूर्ण प्रॉडक्टला नाही.

घरचा थर कसा असावा

रेल्स बेसकँपच्या कोडमधून बाहेर काढलं गेलं आणि २००४ मध्ये खुलं झालं. जँगो कॅन्ससमधल्या लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या वर्तमानपत्राच्या साइटींतून आलं, २००५ मध्ये. दोन्हीकडे आधी चालती साइट होती, फ्रेमवर्क मागाहून आलं. घरच्या थरालाही हाच क्रम लावावा: एकाच प्रकारची तीन ॲप्लिकेशनं झाल्यावर त्यांत खरोखर सारखं काय आहे ते उचलायचं. पहिल्याच प्रॉजेक्टला ‘पुढे लागेल’ म्हणून लिहिलेला भाग पुढे क्वचितच लागतो.

त्यात काय असावं? कंपनीचं सिंगल साइन-ऑन (एकाच लॉगिनने सगळीकडे प्रवेश), भूमिकांची तपासणी, कुणी काय बदललं याची नोंद, रिपोर्टचं एक्स्पोर्ट, पानाचा सांगाडा, आणि यादी-फॉर्म बनवून देणारा जनरेटर. इथे एक भेद नीट करा. जनरेटरने लिहिलेला कोड त्या प्रॉजेक्टचा होतो. जनरेटरमधली चूक सुधारली तरी आधीच्या दहा प्रॉजेक्टांत ती तशीच राहते. म्हणून परवानगी, लॉगिन, फाइल अपलोड असला सुरक्षेचा भाग पॅकेजमध्ये, आणि दर ग्राहकामागे बदलणारे स्क्रीन जनरेटरमध्ये. उलटं केलं की दुरुस्ती हाताने दहा ठिकाणी.

ओआरएमवर (टेबलच्या ओळी ऑब्जेक्ट म्हणून देणाऱ्या भागावर) आणखी एक ‘सोपा’ क्लास चढवायचा मोह आवरा. तो आतलं, जोडलेल्या नोंदी एकदमच आणणारं सिलेक्ट रिलेटेड किंवा विथ झाकतो, मग पन्नास ऑर्डरींच्या यादीला एक अधिक पन्नास क्वेरी जातात. लॅराव्हेलमध्ये डेव्हलपमेंटच्या वेळी प्रिव्हेंट लेझी लोडिंग चालू ठेवलं तर हे लगेच ओरडतं. जँगोत टेस्टमध्ये क्वेरींची संख्या पक्की करून ठेवावी लागते. फ्रेमवर्कच्या आतल्या, अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या मेथड ओव्हरराइड करू नका, कारण त्या बदलल्या तर कुणी सांगणार नाही. पॅकेजला आवृत्ती क्रमांक द्या, प्रत्येक प्रॉजेक्टमध्ये तो लॉक करा, आणि एक छोटंसं नमुना ॲप फ्रेमवर्कच्या येऊ घातलेल्या आवृत्तीवर सीआयमध्ये (आपोआप चाचण्या घेणाऱ्या व्यवस्थेत) रोज चालवा. थर पातळ आहे की नाही, ते पुढच्या मोठ्या अपग्रेडला किती दिवस लागले त्यावरून दिसतं.

खरोखर कोऱ्या फाइलपासून लिहायचंच असेल, उदाहरणार्थ काही मेगाबाइट मेमरीच्या उपकरणावरचा सर्व्हर किंवा ज्याला एकही तयार साचा बसत नाही असं काम, तर एचटीटीपीचा भाग तरी उसना घ्या. पीएचपीत सिम्फनीचे कंपोनंट आहेत, लॅराव्हेल स्वतः त्यांच्यावर उभं आहे. पायथनमध्ये वर्कझॉइग, रुबीत रॅक. मल्टिपार्ट फॉर्म आणि कुकी पार्स करण्यात स्वतःची हुशारी दाखवू नये.

आधीच घरचं आहे, आता काय?

सगळं बंद करून नव्याने लिहायला घेऊ नका. पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर ठेवा आणि पत्त्यानुसार थोडी थोडी पानं नव्या फ्रेमवर्ककडे वळवा. सुरुवात फक्त वाचण्याच्या पानांनी, रिपोर्टनी. जुनं सेशन नव्याला वाचता येत नाही, पीएचपीची सिरियलाइझ केलेली फाइल पायथनला कळत नाही. म्हणून जुन्या बाजूने लॉगिननंतर एका मिनिटात संपणारं, एकदाच चालणारं सही केलेलं टोकन द्यावं आणि नव्या बाजूने त्यावर स्वतःचं सेशन उघडावं. टेबलांची रचना बदलण्याचा हक्क एकाच बाजूला ठेवा. जँगोकडे जात असाल तर इन्स्पेक्टडीबीने मॉडेल काढून घ्या. ती मॅनेज्ड फॉल्स लावूनच येतात, म्हणजे जँगो त्या टेबलांच्या रचनेला हात लावत नाही. जोवर जुनी बाजू टेबल सांभाळते तोवर ते तसंच राहू द्या, मगच एकेक टेबल नव्याच्या ताब्यात.

पासवर्ड जुन्या एमडी५ हॅशमध्ये असतील तर लोकांनी पुन्हा लॉगिन करण्याची वाट पाहू नका. जुन्या हॅशवरच पीबीकेडीएफ२ चढवणारा हॅशर लिहा आणि एका मायग्रेशनमध्ये सगळ्या ओळी गुंडाळून टाका. लॉगिनच्या वेळी आलेल्या पासवर्डचा आधी एमडी५, मग त्यावर पीबीकेडीएफ२. जुळला की साध्या पीबीकेडीएफ२ मध्ये पुन्हा लिहायचा. दहा लाख फेऱ्यांचं हे काम लाखभर ओळींवर कित्येक तास चालतं, त्यामुळे ते तुकड्यांत, ट्रान्झॅक्शन सोडून चालवा. जुनं लॉगिनचं पान त्याआधीच नव्या बाजूला हलवलेलं असू द्या, आणि एमडी५चा कॉलम त्याच आठवड्यात काढा. बॅकअपमध्येही तो असतोच. जुने बॅकअप कधी नष्ट करायचे त्याची तारीख तेव्हाच ठरवून घ्या.